आठवी चामखीळ

पार्लरवालीच्या हाताला चामखिळी आल्या तर बायका तिच्या हातात आपला चेहरा कशाला देतील? मी गिऱ्हाईक असते तर मीही दिला नसता, आणि वर चार जणींना सांगितलं असतं. म्हणून माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर एकीमागून एक अशा सात चामखिळी उगवल्या, तेव्हा ब्लीचची ॲलर्जी आहे अशी मी सरळ थाप मारली. थोडे दिवस ती खपली. मग एक नवरी मुलगी थ्रेडिंगला बसली असताना माझा हात तिच्या कपाळाजवळ गेला आणि ती मान मागे घेत म्हणाली, "ताई, हातमोजे घालता का?" तिची आई दारातच उभी होती. त्या दोघी पुन्हा आल्या नाहीत, आणि त्यांच्या ओळखीच्याही कोणी आल्या नाहीत.

आमचं गाव नेवासा तालुक्यात, हमरस्त्यापासून थोडं आत. घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर. एक फिरती खुर्ची, एक मोठा आरसा आणि वायरी दिसू नयेत म्हणून लावलेला पडदा. दहा वर्षं बायकांचे चेहरे इतक्या जवळून बघितल्यावर चामखिळींच्या जाती मला पाठ झाल्या होत्या. मानेवर मऊ, देठाला लोंबणाऱ्या असतात, त्यांना सगळ्या चामखीळच म्हणतात, पण ती नुसती वाढलेली कातडी असते. कपाळावर चपट्या येतात, तांदळाच्या कणीएवढ्या, बोटाला कळतात पण डोळ्याला दिसत नाहीत. ओठांच्या कडेला दोऱ्यासारखी बारीक एखादी निघते. आणि बोटांच्या पेरांवर येतात त्या खरबरीत, फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या फुटलेल्या. माझ्या सातही या शेवटच्या जातीच्या होत्या. चपट्या चामखिळींवरून दोरा फिरवला की महिन्या-दोन महिन्यांत दोऱ्याच्या वाटेवर नव्यांची रांग उभी राहते, हे मी माझ्या खुर्चीत बघितलं होतं. असं का होतं हे मात्र मी कधी कुणाला विचारलं नाही. तेवढी अक्कल तेव्हा नव्हती.

आठवी होती उजव्या टाचेत. ती आत रुतलेली, वरून सपाट, मध्ये मोहरीसारखे काळे ठिपके. चालताना खडा टोचावा तशी टोचायची. मी तिला कुरूप म्हणायचे, म्हणजे स्वतःशीच, कारण दुसऱ्या कुणाला मी ती दाखवलीच नव्हती. रोज सकाळी न्हाणीघरात वज्री घेऊन घासायची, वरचं कातडं निघालं की दोन दिवस बरं वाटायचं.

ती लपवण्यामागे एक वेडगळ कारण होतं. मला बघायला आले तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, मी त्यांना ताई म्हणते, मला पाय ओले करून अंगणातल्या फरशीवर चालायला लावलं होतं. माझ्या भावांना राग आला होता. ताईंनी वाकून पावलांचे ठसे बघितले आणि उठून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मधी खोलगट हाय, कडा भरल्यात. हीच करा." पत्रिका, शिक्षण, रंग यातलं काही कुणी विचारलं नाही. मी या घरात माझ्या पावलांवर आले, असं ताई पुढे कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. आता त्याच पावलात घाण उगवली होती, आणि ती त्यांनी बघू नये असं मला फार वाटायचं.

घरात आम्ही पाच जण. माझा नवरा आणि थोरले दीर दिवसभर शेतावर, मग ताई, मी आणि माझी चार वर्षांची मुलगी; ताईंचा मुलगा पुण्याला नोकरीला. न्हाणीघर एक, साबण एक, वज्री एक. ताईंना बरीच वर्षं शुगर. त्यांचे पाय बधिर झालेले. एकदा बाभळीचा काटा तळव्यात घेऊन त्या दिवसभर कांद्यात हिंडल्या आणि संध्याकाळी चप्पल पायातून निघेना तेव्हा कुठे कळलं. काटा बघून त्यांना हसू आलं होतं. मला त्या हसण्याचीच भीती वाटली होती.

हाताच्या सातांवर आम्ही सगळं करून बघितलं. चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र करून लावला, तर आजूबाजूची चांगली कातडी सोलली गेली. ताईंनी सुईला बिब्ब्याचं तेल घेऊन टोचलं, तर बोट पपईसारखं सुजलं आणि आठवडाभर मला कात्री धरता येईना. मेडिकलमधून ब्रश लावलेली छोटी बाटली आणली, रोज लावायची, खरवडायची, पुन्हा लावायची. दोन-तीन महिने चिकाटीने लावा, असं दुकानदार म्हणाला होता. चिकाटी माझ्याकडे कधीच नव्हती. वीस दिवसांत बाटली कोनाड्यात गेली.

"आता माझं ऐक," ताई म्हणाल्या. "घोडेगावच्या बाजारात एक जन बसतो. आपल्या बैलाच्या मानंवर मस आल्ते, त्यानंच घालवले. हात बी लावीत न्हाई."

मी खूप हसले. मी बारावी शिकलेली बाई आहे, बैल नाही, असंही म्हणाले. आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांच्या मागून जीपमध्ये बसले.

घोडेगावचा जनावरांचा बाजार भर दुपारी म्हणजे धूळ, हंबरणं, रुमालाखाली बोटं दाबून चाललेले सौदे आणि टेम्पोत चढायला तयार नसलेल्या म्हशी. त्या सगळ्याच्या मागच्या अंगाला एक लिंबाचं झाड होतं. तिथे पोचलो आणि आवाज कमी झाला. बाजार पन्नास पावलांवर होता, माणसांची तोंडं हलताना दिसत होती, पण आवाज लांबून यावा तसा येत होता. झाडाखाली एक म्हातारी पांढरी घोडी उभी होती, आणि एक माणूस फणीने तिचं शेपूट विंचरत होता. वयाचा अंदाज येत नव्हता. आमच्याकडे त्याने वर बघितलंही नाही.

"किती?" त्याने विचारलं.

"सात," मी हात पुढे करत म्हणाले.

त्याने हाताकडे बघितलं नाही. "हाताच्या न्हाई म्हनत मी. सगळ्या अंगाच्या सांग."

ताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. माझ्या टाचेत नेमकी त्याच वेळी कळ आली, चपलेच्या आत कुणीतरी नख रोवावं तशी. ते कुरूप आहे, ते यात धरायचंच नाही, असं मी मनात म्हटलं. "सातच," मी म्हणाले.

त्याचा हात थांबला. घोडीने मान वळवली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"येकदा सांगतो," तो म्हणाला. "जेवढ्या सांगशील तेवढ्याच बांधल्या जात्यात. येखादी मागं ऱ्हायली, तर ती येका जागी बसत न्हाई. घरात चालती."

"सात आहेत," मी जरा चिडूनच म्हणाले.

त्याने शेपटीचा एक लांब केस उपटला. कोणत्या बोटाला कुठे, ते मला एकेक करून सांगायला लावलं, आणि प्रत्येकीला एक अशा सात गाठी मारल्या. अंगठ्याची एक, मग शेजारच्या बोटाच्या दोन, अशा करंगळीपर्यंत. सातव्या गाठीनंतर केस संपायला हवा होता, पण वीतभर उरला. तो उरलेला वीतभर केस त्याने बोटाला गुंडाळून बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि सगळा केस झाडाच्या बुंध्याशी दगडाखाली ठेवला. पैसे घेतले नाहीत. मिठाचा एक पुडा मागितला होता, तो ताईंनी दगडाजवळ ठेवला.

जीपमध्ये मी त्याची नक्कल करून दाखवली. ताई नेहमी हसतात तशा हसल्या नाहीत.

दहाव्या-बाराव्या दिवशी अंगठ्यावरची चामखीळ काळी पडली आणि चेहरा पुसताना टॉवेलात निघून आली. खाली नवी गुलाबी कातडी. मग शेजारच्या बोटावरच्या दोन. एक तर वॅक्सच्या पट्टीला चिकटून निघाली, गिऱ्हाईक बिचारी आपलाच केसांचा पुंजका समजली. ज्या क्रमाने मी सांगितल्या होत्या त्याच क्रमाने त्या जात होत्या. करंगळीवरची शेवटची गेली तेव्हा महिना होत आला होता. माझा हात पहिल्यासारखा झाला, गिऱ्हाइकं परत येऊ लागली. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण क्रमाचा विचार आला की पाठीवरून थंडगार काहीतरी सरकायचं.

कारण टाचेतली होतीच. आणि घर बदललं होतं. दुपारी पार्लर रिकामं असलं की मागच्या फरशीवर अनवाणी पावलं वाजल्यासारखी वाटायची. न्हाणीघरापासून स्वयंपाकघरापर्यंत, मग थांबायची. मी उठून जायचे तर ताई शेतावर गेलेल्या असायच्या आणि मुलगी अंगणात खेळत असायची. मी स्वतःला हसायचे. पण मुलगी दुपारी झोपली की तिच्याजवळ बसून तिचे दोन्ही तळवे उलटून बघायचे, बोटांच्या बेचक्यात सुद्धा बघायचे. मग माझी टाच बघणं मी बंद केलं. वज्रीला हात लावणं बंद केलं. बघितलं नाही की नसतं, असं लहान मुलाचं गणित मी करत होते.

एके सकाळी मी अंघोळीला निघाले होते. न्हाणीघरातून ओली पावलं स्वयंपाकघराकडे गेलेली होती. शहाबादी फरशीवर ती स्पष्ट उमटली होती, आणि उजव्या पावलाच्या टाचेत मधोमध एक कोरडं वर्तुळ होतं. त्या वर्तुळात पाण्याचा एक ठिपका. हा ठसा मला चांगला ठाऊक होता, कितीतरी महिने मी तो मागे टाकत आले होते. पण त्या दिवशी माझी अंघोळ व्हायची होती. मी माझं पाऊल त्याच्या शेजारी ठेवलं. ते पाऊल माझ्यापेक्षा रुंद होतं.

आतून ताईंच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मी खाली बसले आणि पदराने फरशी कोरडी करून टाकली.

त्यानंतर दोन आठवडे मी गप्प राहिले. बोलायचं म्हणजे खोटं बोलले होते ते सांगायचं, आणि त्याहून वाईट म्हणजे, मी ज्याला हसले त्याचं खरं झालं असं कबूल करायचं. शेवटी ताईच एक दिवस पार्लरच्या खुर्चीत येऊन बसल्या. "बग गं, टाचंत काय हाय. टोचत न्हाई, पर हाताला खरबरीत लागतंय." त्यांनी पाय माझ्या मांडीवर ठेवला. तेच सपाट, रुतलेलं वर्तुळ, तेच काळे ठिपके.

"कुरूप आहे," मी म्हणाले. "पट्टी लावते. चार दिवसांत निघेल."

मेडिकलमधली ती कुरूपाची पट्टी, मधोमध ॲसिडची टिकली असलेली. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की मधुमेह असलेल्यांनी वापरू नये. मी ते वाचलं होतं. खोटं कशाला सांगू? ती लवकर जावी आणि तिच्याबरोबर माझं खोटंही जावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी पट्टी लावली, दोन दिवसांनी बदलली, पुन्हा लावली. ताई तोच पाय घेऊन प्लॅस्टिकच्या बुटात कांद्याच्या रानात जात राहिल्या.

सहाव्या दिवशी जेवायला बसलो असताना मला वास आला. आधी वाटलं, मोरीत काही अडकलं असेल. मग ताईंनी मांडी बदलली तसा तो वाढला. मी त्यांचा पाय ओढून पट्टी काढली. टाच पांढरी फटक पडली होती आणि मधोमध रुपयाएवढं भगदाड होतं. आत ओलं, काळपट. ताईंनी वाकून बघितलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा घास घेतला. त्यांना काही म्हणजे काही जाणवत नव्हतं.

गावातल्या डॉक्टरांनी आम्हाला तशाच नगरला पाठवलं. सावेडीत चामडीच्या डॉक्टरांचा दवाखाना होता, डॉक्टर म्हणजे माझ्याहून लहान मुलगी. तिने दिवा ओढून घेतला, जखम धुतली, कडेची कातडी चिमट्याने उचलून बघितली आणि तिचा चेहरा बदलला. हाडापर्यंत गेलं असेल तर पाय ठेवता येणार नाही, ती मला बाजूला घेऊन म्हणाली. त्या पायाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. हाड वाचलं. टाचेचा लिंबाएवढा भाग कापावा लागला, चार महिने रोज ड्रेसिंग केलं, ते मीच केलं. ताई आजही उजवीकडे झुकून चालतात. पण त्या दुपारी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. एक्स-रे व्हायचा होता, आणि मी ताईंचा पाय घालवला आहे असं धरूनच मी तिथे उभी होते.

"हे कुरूप नव्हतं," डॉक्टर म्हणाली. "कडेला अजून दिसतंय, चामखीळच होती. तळपायाची असली की वजनाने आत दबते, म्हणून कुरूप वाटते. हा विषाणू असतो, बारीकशा चिरेतून शिरतो. ओली फरशी, एकच टॉवेल, एकच वज्री, नखं कुरतडणं, दाढीचं ब्लेड, एवढं त्याला पुरतं." मला थ्रेडिंगचा दोरा आठवला आणि कानात रक्त चढलं. ती पुढे बोलत होती. घालवायच्या पद्धती पुष्कळ आहेत, थंड नायट्रोजनने गोठवतात, मशीनने जाळतात, साधं ॲसिडही चालतं, पण बधिर पायाच्या शुगरच्या माणसाने यातलं काहीही घरी करायचं नाही. "घरात आधी कुणाला होती? आणि ही पट्टी कुणी लावली?"

"कुनाला न्हाई," ताई लगेच म्हणाल्या. "मीच आनली दुकानातनं. मीच लावली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला ते सहन झालं नाही. मी चप्पल काढली आणि समोरच्या स्टुलावर उजवा पाय ठेवला. "मला होती आधी. आठ महिने झाले. मी कुणाला सांगितलं नाही. पट्टीपण मीच लावली, पाकिटावरचं वाचून लावली."

डॉक्टरने दिवा माझ्या टाचेवर वळवला, बोटाने दाबून बघितलं. "कुठे?" तिने विचारलं.

मी पाय उलटा करून बघितला. तिथे काही नव्हतं. काळे ठिपके नव्हते, वर्तुळ नव्हतं. टाच मुलीच्या टाचेसारखी गुळगुळीत होती. कधीपासून दुखत नव्हतं ते मला आठवेना. ताईंच्या टाचेला पहिली पट्टी लावली त्या दिवसानंतर कधी टोचल्याचं मला आठवत नव्हतं.

मग मी हाताच्या सात, घोडी, केस, गाठी, सगळं घडाघडा सांगितलं. डॉक्टर हसली नाही, रागावली नाही. "होतं असं," ती म्हणाली. "शरीराला विषाणूची ओळख पटायला महिने लागतात, कधी वर्षं. एकदा पटली की सगळ्याच जातात, थोड्या मागेपुढे. केसाचं काही नसतं. काही केलं नसतं तरी गेल्या असत्या." तिने ताईंच्या पायाकडे बघितलं. "यांचीही गेली असती कदाचित. नुसतं थांबायला हवं होतं." आणि ती सर्जनना फोन करायला बाहेर गेली.

खोलीत आम्ही दोघीच उरलो. ताई टेबलावर पाय लांब करून बसल्या होत्या, टाचेखाली ओला कापूस. त्यांनी वाकून माझा पाय जवळ ओढला आणि अंगठ्याने टाच चाचपून बघितली, एकदा इकडून, एकदा तिकडून. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. स्वतःच्या जखमेकडे त्या बघतसुद्धा नव्हत्या.

"खरंच गेली गं," त्या हळूच म्हणाल्या. "आठवी हाय हे मला ठाव हुतं. रोज फरशी पुसती मी, तुझं पाऊल मला कळायचं न्हाई व्हय? पुढल्या बाजारी मी येकलीच गेल्ते त्याच्याकडं. म्हनलं, ती लाजली, खोटं बोलली. पर ती चालायची आसंल तर लेकराकडं नगं, माझ्याकडं धाड."

विषाणू, वज्री, ओली फरशी, डॉक्टरने सांगितलेलं सगळं मला पटलं होतं, आजही पटतं. पण त्या बंद खोलीत, भर दुपारी, माझ्या अंगावर काटा उभा राहिला तो आजतागायत पुरता उतरलेला नाही. मी त्यांच्या पायाशी बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. ताईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"रडती कशाला?" त्या म्हणाल्या. "मला कुठं दुखतंय?"